गयेला सोडलेला मुळा

कुंदा : “एकदा सोडलं ते सोडलं. देवानं हातावर ठेवलं तरी खायचं नाही.” गयेला नदीकाठी सासूबाई मला हे म्हणाल्या होत्या, जहूरभाई. त्यांना जाऊनही आता किती वर्षं झाली. आणि गेल्या आठवड्यात तोक्योत, देवळाच्या पायरीवर, त्यांचा आवाज असा आला की मी मागे वळून बघितलं.

जहूर : काय सोडलं होतं, वहिनी?

कुंदा : मुळा. गयेला गेलं की आवडीची एक वस्तू देवापुढे सोडायची असते, जन्मभरासाठी. माझा जीव मुळ्याच्या कोशिंबिरीत. म्हणून मुळाच सोडला.

जहूर : आणि जपानच्या देवानं हातावर काय ठेवलं?

कुंदा : मुळा.

जहूर : या अल्ला!

कुंदा : हातभर लांब. माझ्या दंडाएवढा जाड.

जहूर : मग खलास! मोडला नेम. नबिला, ऊठ बेटा, अम्मीला भजी तळू लाग. फैसला झाला.

नबिला : अब्बा, दॅट्स सो अनफेअर! मावशींनी तो खाल्ला की नाही, ते तरी ऐका!

जहूर : अगं, प्रसाद हाय तो. नाय कसा खातील?

नबिला : एअरपोर्टवर सगळ्यांसमोर तुम्हीच बोललात. आय वॉज स्टँडिंग राइट देअर. “कुंदावहिनी आपला एक पण नेम न मोडता जपानहून परत आल्या, तर माझी पोरगी क्योतोला शिकायला जाईल.” प्रल्हादकाका साक्षीला आहेत.

जहूर : बोललो ना. मी कुठे नाय म्हणतोय? म्हणून तर आज वहिनींना बसवून विचारतोय.

नबिला : परवा मला युनिव्हर्सिटीला कळवायचंय. परवा! लोक भूकंपात न पडणाऱ्या बिल्डिंगा शिकायला तिथे जायला तडफडतात, मला ॲडमिशन मिळालीय, आणि माझं सगळं एका मुळ्यावर अडकलंय.

कुंदा : नबिला, बाळा, हळू. अब्बांचा रोजा आहे. विचारू दे त्यांना. मी काही लपवायला आलेली नाही. जे झालं ते सांगेन, मग ते तुझ्या बाजूचं असो नाही तर नसो.

नबिला : मावशी, थोडं माझ्या बाजूचं असू दे ना, प्लीज.

जहूर : मुळा बाजूला ठेवू. ओळीनं जाऊ. वहिनी, मी हवेत बोलत नाय. शारजात जपानी गाड्यांचे जुने पार्ट विकून माझे केस पिकले. चौऱ्याण्णव साली लिलावासाठी योकोहामाला गेलो होतो. काय खाल्लं विचारा.

नबिला : केळी. आम्हाला पाठ आहे.

जहूर : केळी! सकाळी केळी, रात्री केळी. जे उचलावं त्यात डुक्कर, नाय तर दारू. साध्या पावावर पण भरवसा नाय. आल्यावर तुझ्या अम्मीनं केळी आणली तर मी टोपली घेऊन जिन्यात ठेवून आलो होतो.

कुंदा : आणि आमच्या मजल्यावरच्या पोरांनी ती खाल्ली. आठवतंय मला.

जहूर : तर मग. आणि तुमचं तर माझ्याहून कडक. मासा नाय, अंडं नाय, पूजेआधी पाण्याचा थेंब नाय. सांगा, विमानात काय केलं? आठ-दहा तास पूजेशिवाय?

कुंदा : घरून आंघोळ-पूजा करूनच निघाले. दुसऱ्या दिवशीचं ऊन विमानाच्या खिडकीतून दिसलं, तेव्हा डोळे मिटून मनातल्या मनात पूजा केली. फुलं मनातली, पाणी मनातलं. मग हॉटेलात पोचल्यावर आंघोळ करून खरी केली. त्यानंतर चहा घेतला.

जहूर : हां. प्रवासात तेवढी सवलत आमच्यात पण हाय. मंजूर. आता जेवण.

कुंदा : ह्यांच्या ऑफिसातले ओकादासाहेब आहेत ना, ह्यांची वीस वर्षांची नोकरी म्हणून ज्यांनी ही सहल दिली, त्यांच्या बायकोनं मला पहिल्याच दिवशी सावध केलं. म्हणाल्या, तुम्हाला नुसतं पाणी दिसेल, पण त्यात माशाचं सार असतं. सुपात, भाजीत, शेवयांत. नुसतं बघून कळायचं नाही.

जहूर : बघ! मी काय बोलत होतो!

कुंदा : म्हणून मी त्यांच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं. स्तोत्र पाठ करतो तसं. “निकु, साकाना, तामागो, ताबेमासेन.” मटण, मासे, अंडी खात नाही. आणि शेवटी “दाशी मो.” ते सार पण नाही.

नबिला : मावशी! युवर ॲक्सेंट इज परफेक्ट!

कुंदा : अगं, चालीत म्हटलं की लक्षात राहतं. ओसाकाच्या बाजारात एका गाडीवर गेले. लोखंडी तवा, त्याला वाटीवाटीचे खळगे. हुबेहूब आपलं आप्पेपात्र! तो पोरगा दोन काड्यांनी गोळे असे गरागरा फिरवत होता की बघत राहावं. मला वाटलं, आप्पेच की हे. पैसे काढले, आणि नेमानं आधी वाक्य म्हटलं.

जहूर : मग?

कुंदा : त्यानं हात जोडले, मान हलवली, आणि आत बोट दाखवलं. प्रत्येक गोळ्यात त्या आठ पायांच्या जनावराचा तुकडा.

नबिला : ऑक्टोपस.

कुंदा : तेच. मी रामराम म्हटलं नि मागे फिरले. तर तो पोरगा काउंटरवरून उडी मारून बाहेर! मला वाटलं, वेळ फुकट घालवला म्हणून भांडतो की काय. तर हाताला धरल्यासारखं करून मला चार दुकानं पुढे घेऊन गेला. तिथे एक म्हातारी तांदळाच्या गोळ्या काडीला टोचून निखाऱ्यावर भाजत होती. त्यानंच तिला माझं सगळं वाक्य म्हणून दाखवलं, तिच्याकडून नक्की करून घेतलं, आणि पळत आपल्या गाडीवर गेला. त्याचे गोळे करपले असणार.

जहूर : गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात नेऊन सोडलं?

कुंदा : सोडलं.

जहूर : आमच्या इंडस्ट्रियल एरियात असा एक पण माणूस दाखवा.

नबिला : अब्बा, तुम्ही योकोहामात कुणाला विचारलं होतं का, यात काय आहे म्हणून?

जहूर : कसं विचारणार? लिलावातले मोठे लोक. जेवायला बसवतात, वाकून वाढतात. त्यांना तोंडावर सांगू, तुमचं अन्न मला चालत नाय? पोट बिघडलंय म्हणून सांगायचो नि खोलीवर येऊन केळी.

नबिला : म्हणजे कुणाला कळलंच नाही!

जहूर : तू गप. वहिनी, तुमच्या चतुर्थीचं काय? ती सहलीतच होती, बरोबर? हिची अम्मी जैनब बोलली मला. चंद्र दिसेपर्यंत काय खायचं नाय, आणि मग पण उपासाचंच. तिथे साबुदाणा कुठला?

कुंदा : नव्हताच. आम्ही क्योतोत होतो. सकाळपासून हे माझ्या मागे, “कुंदा, आजच्या दिवस फळं खा.” मी म्हटलं, बघू, तो काहीतरी देईल. रात्री खोलीत बसले होते, तर खालच्या गल्लीतून गाण्याचा आवाज. लांबलचक हेल काढून कुणी भजन म्हणतंय असं. खिडकीतून बघते तर छोटा टेम्पो, मागे धुराडं, त्यातून धूर. आणि वास आला, जहूरभाई. वास मी ओळखला.

जहूर : कसला?

कुंदा : रताळ्याचा! भाजलेलं रताळं! गरम दगडांत पुरून भाजतात आणि गल्लोगल्ली गात विकतात.

नबिला : रताळं उपासाला चालतं ना?

कुंदा : म्हणजे काय! मी पायात हॉटेलच्या सपाता, तशीच जिना उतरले. टेम्पो निघालेला. मी मागे पळतेय, “अहो, थांबा! अहो रताळेवाले!”

नबिला : तुम्ही ओरडलात? यू? मावशी, तुमचा आवाज आमच्या किचनपर्यंत पण येत नाही!

कुंदा : क्योतोच्या गल्लीत खिडक्या उघडल्या बघ. हे माझ्या मागे, एका पायात सपात. शेवटी थांबला तो. वजन करून एक रताळं कागदात गुंडाळून दिलं. पाचशे येन.

जहूर : म्हणजे पंधरा दिरहम. दोनशे रुपये! एका रताळ्याचे? वहिनी, तेवढ्यात गावाला पोतं येतं.

कुंदा : हेही तेच म्हणाले. पण पुढे ऐका. चंद्र निघायचा होता. मी रताळं शालीत धरून उभी. त्या माणसाला वाटलं, हिला आवडलं नाही. तो खाणाखुणा करतोय, खा, खा, गार होईल. मी आभाळाकडे बोट केलं. त्यानं वर बघितलं. काहीच नाही वर. हे मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाले, चंद्र आला की खाईल. तर त्यानं काय करावं? माझ्या हातातलं रताळं काढून घेतलं, परत गरम दगडांत ठेवलं, टेम्पोची गाण्याची टेप बंद केली, आणि थांबला.

जहूर : धंदा सोडून?

कुंदा : धंदा सोडून. आम्ही तिघं त्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वेच्या डोंगराकडे बघत उभे. थंडीनं दात वाजत होते. मग झाडांच्या मागून चंद्र आला. आधी त्यालाच दिसला! तो लहान मुलासारखा ओरडला. मी मनातल्या पाण्यानं अर्घ्य दिलं, हात जोडले, आणि त्यानं ते रताळं दगडातून काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. वाफ निघत होती. इतकी वर्षं मी चतुर्थी करते, जहूरभाई, पण असा उपास कधी सुटला नव्हता.

नबिला : अब्बा, डोळे पुसताय?

जहूर : कांदा कापतेय तुझी अम्मी. ठीक हाय. चतुर्थी मंजूर. आता मुळा. तिथे मी सोडायचा नाय हां.

कुंदा : नकाच सोडू. तोक्योला नदीकाठच्या टेकडीवर आपल्या गणपतीचं देऊळ आहे. ते लोक त्याला दुसऱ्या नावानं हाक मारतात, पण देव तोच. ओकादाबाई मला मुद्दाम घेऊन गेल्या. दारातच पाण्याचं टाकं, लाकडी पळी. हात धुवायचे, चूळ भरायची, मगच वर जायचं.

जहूर : म्हणजे वजूच की. नमाजाआधी आम्ही करतो तसं.

कुंदा : तसंच. आणि मूर्ती दाखवतच नाहीत. कुणालाच नाही. मी इतक्या लांबून गेले, आणि समोर बंद दार. पण त्या दारापुढे असं शांत वाटलं, की बघायची घाईच राहिली नाही. तर तिथे नैवेद्य काय? ना नारळ, ना दुर्वा. मुळे. नुसते मुळे! भिंतीवर कोरलेले मुळे, देवापुढे रचलेले मुळे. मला मनातून हसू आलं. म्हटलं, बाप्पा, तुझ्यासाठी सोडला तोच घेऊन बसलास होय.

नबिला : आणि मग हातावर ठेवला.

कुंदा : परत निघताना तिथल्या माणसानं देवापुढचा एक मुळा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. प्रसाद. नाही म्हणता येत नाही. टाकता येत नाही. आणि खाता येत नाही.

जहूर : आणि घेतला.

कुंदा : घेतला. कपाळाला लावला.

जहूर : मग मोडला!

कुंदा : सासूबाई काय म्हणाल्या होत्या, जहूरभाई? हातावर ठेवलं तरी खायचं नाही. घ्यायचं नाही असं त्या म्हणाल्या नव्हत्या. मी तो मुळा लेकरासारखा कुशीत धरून ओकादाबाईंच्या घरी गेले. त्यांनी हौसेनं चाकू काढला. आता चकत्या करणार, मला वाढणार. माझ्या मनात आलं, पोट बिघडलंय म्हणावं.

नबिला : लाइक अब्बा!

कुंदा : पण ते खोटं झालं असतं. आणि खोटं बोलून राखलेला नेम कसला? मी त्यांना सांगितलं. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, नबिला. “धिस, आय गिव्ह टू गॉड. होल लाइफ. नो ईट.” म्हटलं आता राग येणार, देवळात नेलं नि प्रसाद नाकारते.

जहूर : आला राग?

कुंदा : त्यांनी चाकू खाली ठेवला. मग उठून देवघरातला आईचा फोटो माझ्यापुढे आणून ठेवला. म्हणाल्या, माय मदर, टी. नो टी. त्यांचे वडील लढाईवर गेले, तेव्हा त्यांच्या आईनं देवापुढे चहा सोडला होता. ते परत येईपर्यंत. जपानी बाई, आणि चहा सोडला! लोक आले की ती त्यांना चहा करून द्यायची, स्वतः गरम पाणी प्यायची. कुणी हसलं नाही, कुणी आग्रह केला नाही. तिथे जुन्या लोकांत ही रीतच आहे म्हणे.

जहूर : आणि परत आले ते?

कुंदा : आले. पहिला कप नवऱ्यानं स्वतः करून दिला तिला. हे सांगताना ओकादाबाई आणि मी, दोघी रडत होतो, आणि मध्ये तो मुळा. मग त्यांनी तो देवाचा म्हणून त्यांच्या घरच्यांना वाढला, आणि मला नुसता भात, लोणचं, तीळ. मी जेवले, जहूरभाई. पोटभर जेवले. माझा एकही नेम मोडला नाही.

नबिला : येस! येस, येस, येस! अब्बा?

जहूर : हं.

नबिला : अब्बा, हं म्हणजे काय?

जहूर : वहिनींचं बरोबर हाय. त्या जिंकल्या. पण वहिनी, तुमची गोष्ट वेगळी. तुमचं वय झालं, मन पक्कं. बरोबर प्रल्हादभाऊ. ही एकटी. खायला काय मिळतं, हा खरा सवाल नायच. सगळे एका टेबलावर बसतात, कुणी विचारतं, तू का नाय खात? माणसाला लाज वाटते. मला वाटली होती. मी चाळीस वर्षांचा बाप्या, आणि तोंड उघडलं नाय. ही तर पोर.

नबिला : म्हणूनच मी तोंड उघडीन, अब्बा. तुम्ही केळी खाल्लीत ना, मला नाही खायचीत. मी पण पाठ करीन मावशींसारखं. आणि मला रोजा ठेवायला कुणी सांगावं लागतं का? इथे फुटबॉलच्या मॅचलाही ठेवलाय मी.

जहूर : इथे सगळं शहर रोजा ठेवतं. तिथे कोण हाय?

कुंदा : आहेत, जहूरभाई. मी बघून आले.

जहूर : काय बघून आलात?

कुंदा : शेवटच्या दिवशी सहलीतले सगळे सोन्याचं देऊळ बघायला गेले. मी ह्यांना म्हटलं, आपण कोबेला जाऊ. क्योतोहून तासाभराचा रस्ता. तिथे मशीद आहे, जुनी, मोठ्या घुमटाची. नबिला, तो मोठा भूकंप झाला तेव्हा आजूबाजूचं कितीतरी पडलं, ती उभी राहिली.

नबिला : आय नो, मावशी! आमच्या पुस्तकात तिचा फोटो आहे!

जहूर : तुम्ही सोन्याचं देऊळ सोडून मशीद बघायला गेलात?

कुंदा : रोजा सोडायची वेळ होती. खजुरांची ताटं मांडली होती, बायकांना वरचा मजला. डोक्याला रुमाल बांधलेली मलेशियाची एक मुलगी भेटली, क्योतोतच शिकते. म्हणाली, दर रविवारी आम्ही पाच-सहाजणी एकत्र येतो, स्वयंपाक करतो, आठवड्याचं करून नेतो. मी तिचं नाव विचारून ठेवलंय. तिला म्हटलं, आमची एक मुलगी येईल बहुतेक. ती म्हणाली, स्टेशनवर घ्यायला येईन.

नबिला : मावशी...

कुंदा : आणि मशिदीच्या गल्लीत मटणाचं दुकान आहे. मालक कराचीचा. मी त्याला विचारलं, सगळं हलाल आहे ना, चिकन ताजं असतं ना, क्योतोला पाठवता का. पाठवतो म्हणाला, बर्फात घालून.

जहूर : वहिनी, तुम्ही? तुम्ही मटणाच्या दुकानात गेलात? शारजाच्या मच्छीमार्केटावरून गाडी नेली तर तुम्ही काच वर करता!

कुंदा : दारातच उभी होते. नाकाला पदर लावून. तो बिचारा विचारत होता, बाजी, क्या दूँ? मी म्हटलं, कुछ नहीं भैया, बच्ची के लिए पूछ रही हूँ.

जहूर : मग... तुमचा सोवळ्याचा नेम?

कुंदा : रात्री परत आंघोळ केली. थंडीत.

(खालच्या मशिदीतून सूर्यास्ताची, मगरीबची अजान येते. खजूर हातोहात फिरतो.)

नबिला : अब्बा, पाणी. अब्बा, काहीतरी बोला ना. अब्बा, व्हेअर आर यू गोइंग? भजी तरी खा!

जहूर : नमाज पढून तसाच पुढे जातो. गाडीची चावी दे.

नबिला : पुढे कुठे?

जहूर : रोलाच्या बाजारात. दुकानं उघडतील आता. वहिनी, तिथली थंडी खांद्यांना जास्त लागते की पायांना?

कुंदा : पायांना, जहूरभाई.

जहूर : मग आधी बूट बघतो.